ओबद्याची एकवीस वचनं आणि मराठवाड्याचा सप्टेंबर

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, तसं ते हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावातही होतं. देशाचा स्वातंत्र्यदिन महिन्याभरापूर्वीच साजरा झालेला असतो. पण हा दुसरा दिवस कशासाठी, हे हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या माणसाला विचारावं लागत नाही. १९४७ चा ऑगस्ट इकडे उजाडलाच नव्हता. सेनगावचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात मोडत होता. उत्तरेला वऱ्हाडची हद्द. हद्दीपलीकडे तिरंगा आणि अलीकडे आसफजाही निशाण, असं ते वर्ष गेलं. निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या धाकानं रातोरात हद्द ओलांडलेल्या कुटुंबांच्या आठवणी मराठवाड्यात आजही सांगितल्या जातात.

हैदराबाद हे काही किरकोळ संस्थान नव्हतं. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश, १९४१ च्या खानेसुमारीत १ कोटी ६० लाखांवर लोकसंख्या, तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी रयत, स्वतःची फौज, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल आणि स्वतःचा हाली शिक्का. मीर उस्मान अली खान यांचं चित्र २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं ते जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. १८४ कॅरटहून अधिक वजनाचा जेकब हिरा त्यांच्या टेबलावर कागद दाबायला असे. जून १९४७ मध्ये त्यांनी फर्मान काढलं, की इंग्रज गेल्यावर आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही. रझाकारांचा पुढारी, लातूरचा वकील कासिम रझवी तर लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा करत होता. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा आत शिरल्या. १७ तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. सव्वादोनशे वर्षांच्या राज्याला पाच दिवस पुरले.

हा इतिहास ज्याच्या घरात शिरलेला आहे असा विश्वासणारा जेव्हा जुन्या करारातले संदेष्टे उघडतो, तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट आपसूक घडते. निनवे, बाबेल, सोर, मवाब, अदोम ही नावं वाचताना त्या जागी ओळखीची नावं बसतात. गर्विष्ठ राजा, त्याचं भांडार, त्याचे बोलघेवडे सरदार आणि मग एकाएकी आलेला शेवट, सारं जुळतं. आणि जुळतं म्हणूनच वाचकाला इथं थोडं थांबवायला हवं. परराष्ट्रांच्या न्यायाविषयीच्या भविष्यवाण्या वाचून जो केवळ ‘त्यांचं बरं झालं’ एवढंच घेऊन उठतो, त्याच्या हाती फार थोडं लागलेलं असतं. या प्रस्तावनेचा सगळा खटाटोप त्या थोड्याच्या पलीकडे नेण्यासाठी आहे.

आधी या लिखाणाचा आवाका पाहू. यशयाच्या पुस्तकात १३ ते २३ हे अध्याय, यिर्मयात ४६ ते ५१, यहेज्केलात २५ ते ३२, आमोसाचे पहिले दोन अध्याय, सफन्याचा दुसरा. शिवाय ओबद्या आणि नहूम ही दोन पुस्तकं पूर्णपणे एकेका परक्या राष्ट्राविषयी. एवढा मोठा भाग मंडळीच्या उपासनेत क्वचित वाचला जातो. नावं अवघड, नकाशा अनोळखी आणि शिक्षेची वर्णनं कठोर, म्हणून पाळकही स्तोत्रसंहितेकडे वळतात. त्यामुळे हा प्रांत एक तर ओसाड राहतो, नाही तर ‘शेवटचे दिवस’ मोजणाऱ्यांच्या ताब्यात जातो. १९७० साली हॅल लिंडसे यांच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ या पुस्तकानं यहेज्केलातल्या गोगाच्या जागी सोव्हिएत रशियाला बसवलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. तसल्याच जोडाजोडीच्या चित्रफिती आज गावोगावी मोबाइलवर फिरतात, फक्त देशांची नावं बदललेली असतात.

संदेष्ट्यांसमोरची राष्ट्रं मात्र खरी होती, हाडामांसाची होती. अश्शूरचा राजा सन्हेरीब इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदावर चालून आला. लाखीश हे तटबंदीचं शहर त्यानं घेतलं आणि त्या विजयाची शिल्पं निनवेच्या राजवाड्यातल्या भिंतींवर कोरून घेतली. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी ती खणून काढली. आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ती पाहता येतात: तटाला लावलेले मातीचे चढाव, बैलगाडीत संसार भरून निघालेली माणसं, जिवंत सोलले जाणारे कैदी. शत्रूनं केलेली ही बदनामी नव्हे. राजानं स्वतःच्या दिवाणखान्यासाठी, पाहुण्यांनी पाहावं म्हणून ही चित्रं हौसेनं कोरवून घेतली होती. नहूमानं निनवेला रक्तपाती नगरी का म्हटलं, हे त्या दगडांसमोर उभं राहिल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इ. स. पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली फौजांनी निनवे धुळीला मिळवली.

संदेष्टे ज्याला गर्व म्हणतात तो केवळ स्वभावदोष नाही. ताठ मानेची, मोठ्या आवाजात बोलणारी माणसं गावोगाव असतात. त्यांच्यासाठी यशयानं अकरा अध्याय खर्ची घातले नसते. यहेज्केलाच्या २९ व्या अध्यायात फारो म्हणतो की नाईल आपली आहे, आपणच ती घडवली. २८ व्या अध्यायात सोरचा अधिपती व्यापारातल्या हुशारीनं संपत्ती जमवतो आणि स्वतःला देवाच्या आसनावर बसलेला पाहतो. बाबेल यशयाच्या ४७ व्या अध्यायात आणि निनवे सफन्याच्या दुसऱ्यात, दोघी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकतात, की जगात फक्त आपण आहोत, दुसरं कोणीच नाही. गर्वाची ही व्याख्या फार नेमकी आहे. मिळालेल्या वस्तूचा देणारा विसरणं आणि समोरच्या माणसाचं असणंच नाकारणं, ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. म्हणूनच यहेज्केल २७ मध्ये सोरच्या बाजारातल्या मालाची लांबलचक यादी येते, कथील, हस्तिदंत, आबनूस, घोडे, आणि त्याच यादीत निर्विकारपणे माणसंही येतात. यादी लिहिणाऱ्याला तिथं वेगळी ओळ घालावीशी वाटत नाही, यातच आरोप सिद्ध होतो.

दानिएलाच्या चौथ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवरून आपली बाबेल न्याहाळतो. त्या राजाच्या नावाचे ठसे असलेल्या विटा उत्खननात ढिगांनी मिळाल्या आहेत. १९८० च्या दशकात सद्दाम हुसेननं तिथल्या अवशेषांवर नव्या भिंती चढवल्या, तेव्हा त्यानंही विटांवर स्वतःचं नाव घालून घेतलं. मधल्या अडीच हजार वर्षांत कोणी काही शिकलं नाही, असं त्या भिंतींकडे पाहून वाटतं.

आता आमोसाकडे येऊ, कारण या सगळ्या लिखाणाची किल्ली त्याच्याकडे आहे. तकोवा गावचा हा मेंढपाळ उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखून पोट भरत होता. इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यावर तो उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या राजमान्य मंदिरात, जाऊन उभा राहिला आणि शेजाऱ्यांचे गुन्हे वाचू लागला. दिमिष्कानं गिलादावर लोखंडी अवजारं फिरवून मळणी केली. गज्जानं वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या. सोर बंधुभावाचा करार विसरला. अदोम भावाच्या मागे तलवार घेऊन लागला. अम्मोनानं हद्द वाढवण्यासाठी गर्भवती स्त्रियांची पोटं फाडली. मवाबानं अदोमाच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. श्रोते प्रत्येक नावाला मान डोलावत असणार. मग तो यहूदावर आला. श्रोते अजून खूशच, कारण यहूदा म्हणजे दक्षिणेकडचे भाऊबंद. आणि मग शेवटचं, सगळ्यांत लांब आरोपपत्र वाचलं गेलं ते इस्राएलाचं, म्हणजे समोर बसलेल्यांचंच. चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणं, गहाण पडलेल्या कपड्यांवर वेदीपाशी लोळणं, दंडाच्या पैशातला द्राक्षारस देवाच्या घरात पिणं.

परराष्ट्रांवरचे आरोप लढाईतले, इस्राएलावरचे आरोप बाजारातले आणि देवळातले, हा फरक लक्षात घ्यावा. आणखी एक बारकावा फार मोलाचा आहे. मवाबाचा गुन्हा इस्राएलाविरुद्ध नव्हताच. एका परक्या राजानं दुसऱ्या परक्या राजाच्या प्रेताची विटंबना केली, त्याची नोंदही परमेश्वराच्या वहीत आहे. म्हणजे संदेष्ट्यांचा देव केवळ आपल्या लोकांच्या जखमा मोजत बसत नाही. ज्या विश्वासणाऱ्याला आपल्या समाजावर झालेला अन्याय तेवढा दिसतो आणि इतरांवरचा दिसत नाही, त्यानं आमोसाच्या दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन पुन्हा वाचावं.

बेथेलच्या याजकानं, अमस्यानं, आमोसाला हाकलून दिलं. हे राजाचं पवित्र स्थान आहे, इथं असलं बोलू नकोस, असा त्याचा मुद्दा होता. मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासातही एक बेथेल आहे. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनच्या वतीनं जालन्याला आले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथली माणसं प्रामुख्यानं मातंग आणि महार समाजातली, आणि जमीन मिळाली ती पहिल्या सालारजंगांच्या काळात, निजाम सरकारकडून. ही गोष्ट मुद्दाम इथं सांगितली आहे. ज्या राज्याच्या पतनाचा दिवस आज झेंडा लावून साजरा होतो, त्याच राज्यानं एकेकाळी मराठवाड्यातल्या बहिष्कृत विश्वासणाऱ्यांना पाय टेकायला जागा दिली होती. संदेष्ट्यांच्या लिखाणातही असंच आहे. बाबेलवर सर्वांत जळजळीत शब्द लिहिणाऱ्या यिर्मयानंच २९ व्या अध्यायात बंदिवानांना पत्र पाठवून बाबेल शहराचं कल्याण इच्छायला आणि त्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. राज्याचं ऋण मान्य करणं आणि राज्याचा अपराध सांगणं, दोन्ही एकाच माणसाला करावं लागतं.

आपल्याच धर्माच्या सत्तेला बोल लावण्याचं धाडस मराठी विश्वासणाऱ्यांत कोणी दाखवलं असेल तर ते पंडिता रमाबाईंनी. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांच्या सुरक्षिततेची जी हेळसांड झाली, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारला ते झोंबलं. सरकार ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती, आणि त्यांच्या कामाला मदत येत होती ती इंग्लंड-अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांकडून. गप्प बसायला एवढी कारणं पुरेशी होती. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, ते काम पुरं झालं. त्यांच्या भाषांतरातला आमोस वाचताना ही जोड आठवावी.

न्यायाच्या या भविष्यवाण्यांमध्ये सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट म्हणजे रडणं. मवाबाच्या गर्वाविषयी यशयाच्या १६ व्या अध्यायात आणि यिर्मयाच्या ४८ व्या अध्यायात खडे बोल आहेत. पण शिक्षेचं वर्णन सुरू झालं की संदेष्ट्याचाच गळा दाटतो. सिब्मा गावचे द्राक्षमळे उजाड झाले, सुगीतला आनंदाचा गलका थांबला, म्हणून तो शत्रूच्या शेतांसाठी रडतो. ज्या तालुक्यात सोयाबीन आणि हळदीच्या एका पिकावर वर्षाचं सगळं गणित असतं, तिथल्या वाचकाला सुगी बुडणं म्हणजे काय हे कळतं. शत्रूची सुगी बुडाली म्हणून रडणारा माणूस मात्र कुठल्याही तालुक्यात विरळाच. पुष्कळ टीकाकारांना हे अश्रू उपहासाचे वाटले आहेत. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. त्या अध्यायांत गावांची नावं ज्या जिव्हाळ्यानं घेतली आहेत, हेशबोन, एलाले, याजेर, तो जिव्हाळा टिंगल करणाऱ्याच्या शब्दांत येत नाही. आणि यिर्मया ४८ चं शेवटचं वचन मवाबाला परत आणण्याचं अभिवचन आहे. अम्मोनाला ४९ व्या अध्यायात तेच मिळतं, एलामालाही मिळतं.

आता ओबद्या. जुन्या करारातलं सर्वांत लहान पुस्तक, एकच अध्याय, एकवीस वचनं. अदोम हा एसावाचा वंश, म्हणजे इस्राएलाचा सख्खा भाऊ. मृत समुद्राच्या दक्षिणेला तांबूस खडकांच्या कडेकपारीत त्यांची वस्ती होती. इतकी उंच, की आपल्याला खाली कोण ओढणार, असं त्यांना वाटे. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलनं यरुशलेम जाळलं तेव्हा अदोम काय करत होता, हे ओबद्या एकेक करून सांगतो. तो दूर उभा राहिला. भावाची दैना पाहून हरखला. तोंड वर करून बोलला. मग वेशीतून आत शिरला आणि मालमत्तेला हात घातला. शेवटी फाट्यावर उभा राहून पळणाऱ्यांना अडवलं आणि जे वाचले होते त्यांना पकडून दिलं. पाहणं, हसणं, लुटणं, कापणं. पायरीपायरीनं उतरत जाणारं हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, कारण पहिली पायरी अगदी साधी आहे. नुसतं उभं राहणं.

यरुशलेम निर्दोष होतं म्हणून अदोम दोषी ठरला, असं ओबद्या कुठंही म्हणत नाही. यरुशलेमाच्या पापांवर तर यिर्मयानं आयुष्य खर्च केलं. यरुशलेमाचा न्याय योग्य होता, आणि तरीही त्या न्यायाच्या दिवशी हसणारा शेजारी अपराधी ठरला. ही दोन वाक्यं एकत्र मनात ठेवणं कठीण आहे, आणि या सगळ्या भविष्यवाण्यांतून विश्वासणाऱ्यानं काय शिकायचं ते इथं आहे. गर्विष्ठाचं पतन देवाच्या हातून होतं असं मानणाऱ्यावरच जास्त जबाबदारी येते, की त्या पतनाच्या दिवशी आपण कुठं उभे होतो आणि आपल्या हातात काय होतं.

मराठवाड्यानं हा प्रश्न स्वतःला फारसा विचारलेला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये रझाकारांचा जुलूम संपला, आणि तो जुलूम खराच होता. लुटालूट, जाळपोळ, खून, अब्रूवर घाले. पण निजामाची फौज शरण गेल्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, तेही नोंदलं गेलं आहे. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात पाहणीसाठी पाठवलं. अगदी हात राखून केलेल्या त्यांच्या अंदाजानुसार त्या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस अॅक्शनच्या, काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत कहर सर्वांत जास्त झाला. मारल्या गेलेल्यांतले बहुसंख्य ना रझाकार होते ना सरदार. विणकर, शेतकरी, छोटे दुकानदार असे साधे लोक होते. तो अहवाल कित्येक दशकं दडलेला राहिला. त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचे प्राण गमावले. पळवलेल्या मुसलमान स्त्रियांच्या सुटकेसाठी अनेक हिंदूंनी मदत केली. ओबद्याच्या चौदाव्या वचनातला फाटा आणि तिथं अडवले जाणारे जीव डोळ्यांपुढे आणायचे असतील तर मराठवाड्यातल्या वाचकाला यरुशलेमपर्यंत जावं लागत नाही. आणि त्या फाट्यावर उलट्या बाजूनं उभे राहिलेले विणकरही इथलेच होते.

राजा मात्र वाचला. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला, १९६७ मध्ये आपल्या वाड्यात वारला. त्याचं जवाहीर १९९५ मध्ये केंद्र सरकारनं २१८ कोटी रुपयांना विकत घेतलं. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. गर्वाची किंमत नेहमी गर्विष्ठच चुकवतो असं नाही. हबक्कूकाची तक्रार हीच होती. दुष्टाला शिक्षा करायला देवानं त्याहून दुष्ट खास्दी, म्हणजे बाबेली, का निवडावेत, आणि मधल्या मधे चिरडल्या जाणाऱ्यांचं काय? देव त्याला उत्तर देतो, पण ते थांबायला सांगणारं उत्तर आहे. यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर ही परमेश्वराच्या हातातली छडी आहे, आणि तीच छडी पुढे अपराधी ठरते, कारण कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारू लागते. शिक्षा करण्यासाठी वापरलं जाणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, हे तिथं स्वच्छ लिहिलेलं आहे.

म्हणूनच प्रत्येक संकटावर ‘हा देवाचा न्याय’ अशी चिठ्ठी चिकटवणाऱ्यांपासून दूर राहावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो गेली. अशा ढिगाऱ्यासमोर उभं राहून कोणाच्या पापाचं फळ ते मोजणं क्रूरपणाचं आहे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा अस्पृश्यतेला विरोध असूनही रवींद्रनाथांनी त्यावर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली. येशूनं तर लूकच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचं उदाहरण स्वतःहून देऊन सांगितलं, की ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, आणि प्रश्न ऐकणाऱ्यांवरच उलटवला. संदेष्ट्यांनी ठेवलेले आरोप नेमके आहेत, कृत्यांची नावं घेऊन केलेले आहेत. ज्यात कृत्याचं नाव नाही तो न्यायाचा संदेश नाही.

उलटवण्याची ही रीत हिंगोलीकडच्या माणसाला परकी वाटू नये. सेनगावच्या शेजारच्या हिंगोली तालुक्यात नरसी आहे, संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं. तेरला संतांचा मेळा जमला असताना गोरोबाकाका कुंभारांनी हातातलं थापटणं प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. पांडुरंगाशी बोलणारा भक्त, आणि त्याच्याच ठिकाणी अहंकार सापडला. मग तो औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेला. तेही याच जिल्ह्यात. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायातही परमेश्वर संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. चाकावरचं भांडं बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं करतो. तिथं माती म्हणजे इस्राएल घराणं, आणि लगेच पुढे कुठलंही राष्ट्र. उपटून टाकीन असं ज्या राष्ट्राविषयी बोललो ते वळलं तर मी अरिष्ट आणणार नाही, आणि ज्याला बांधीन म्हटलं ते बिघडलं तर त्याचं बरं करणार नाही, असा तिथल्या बोलण्याचा आशय आहे. त्या अर्थानं न्यायाची प्रत्येक भविष्यवाणी उघडी आहे, शेवटचा शब्द अजून लिहायचा आहे. योनाला हे ठाऊक होतं, म्हणूनच तो निनवेला जायला तयार नव्हता. निनवे वळली तर? ती वळली, आणि तो रागावून शहराबाहेर जाऊन बसला. योनाचं पुस्तक देवानं विचारलेल्या प्रश्नावर संपतं, आणि त्या प्रश्नात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत आणि गुरंढोरंही आहेत.

पुढे जाऊन वाचणाऱ्यांसाठी क्रमाविषयी थोडं. यशयाच्या १३ व्या अध्यायापासून सुरुवात केली तर बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात थांबतात. आधी ओबद्या वाचावा. पंधरा मिनिटं पुरतात. मग आमोसाचे पहिले दोन अध्याय, शक्यतो चार माणसांत मोठ्यानं. त्यानंतर यिर्मया १८ आणि ४८, मग हबक्कूक. यशयात १३ ते २३ वाचताना १९ व्या अध्यायाच्या शेवटी थांबावं. मिसर, अश्शूर आणि इस्राएल एकाच रांगेत, एकाच आशीर्वादाखाली उभे राहतात, आणि ‘माझे लोक’ हे विशेषण मिसराला मिळतं. त्या तीन वचनांवर एक अख्खी सभा घ्यावी, इतकं ते मोठं आहे.

सोरविषयीचे यहेज्केलाचे अध्याय शेवटी ठेवावेत, कारण ते सर्वांत अवघड आहेत आणि सर्वांत प्रामाणिकही. नबुखद्नेस्सर सोर उद्ध्वस्त करील असं २६ व्या अध्यायात येतं. त्यानं तेरा वर्षं वेढा घातला, पण बेटावरच्या शहराची लूट त्याच्या हाती लागली नाही, आणि हे दुसरं कोणी नाही, यहेज्केल स्वतःच २९ व्या अध्यायात लिहून ठेवतो: सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, आणि मजुरी काही मिळाली नाही. इ. स. पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरनं किनाऱ्यावरच्या जुन्या शहराचे दगड आणि लाकडं समुद्रात लोटून बेटापर्यंत वाट बांधली आणि सात महिन्यांत सोर घेतलं. त्या वाटेभोवती वाळू साचत गेली, म्हणून आज लेबनॉनमधलं ते शहर बेट राहिलेलं नाही. पण शहर आहे. रोमन काळात ते पुन्हा नांदतं होतं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू त्याच प्रदेशात जातो आणि तिथल्या एका परदेशी आईच्या मुलीला बरं करतो. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौलाचं जहाज सोरच्या बंदरात माल उतरवायला थांबतं, तेव्हा तिथं विश्वासणारे आहेत, आणि पौल त्यांच्याकडे सात दिवस राहतो. यहेज्केल २६ ते २८ आणि कृत्ये २१ ची पहिली सहा वचनं एकाच बैठकीत वाचावीत. ज्या बंदरात एकेकाळी माणसं मालाच्या यादीत मोजली जात होती, तिथले बायका-मुलांसह आलेले कुटुंबवाले पौलाला पोचवायला किनाऱ्यापर्यंत येतात, सगळे मिळून प्रार्थना करतात, आणि मग पौल जहाजात चढतो.